माणसं पगारासाठीही नोकरी सोडतात

‘माणसं नोकरी सोडत नाहीत, साहेबाला सोडतात.’ हे वाक्य इतक्यांनी इतक्या वेळा पुढे पाठवलंय की ते खरं आहे का, हे विचारायचंच राहून गेलं. सध्या त्याची एक लांबलचक आवृत्ती फिरते आहे. तिच्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पगार हे नोकरी धरण्याचं किंवा सोडण्याचं खरं कारण नसतंच. पगार ही नुसती किमान सोय आहे, हे मानसशास्त्राने केव्हाच सिद्ध केलंय. जाणाऱ्यांना विचारा, पगाराचं नाव ते शेवटी घेतात. एका रकमेनंतर पैशाने सुख वाढत नाही. पैशासाठी येणारा पैशासाठीच जातो, तेव्हा असा माणूस घेऊच नका. जाणाऱ्याला पगार वाढवून थांबवलंत तरी तो वर्षभरात जाणारच. म्हणून पगारवाढीवर पैसे घालवण्यापेक्षा मॅनेजरांना प्रशिक्षण द्या.

मॅनेजरांना प्रशिक्षण द्यावं, हे मला मान्य आहे. बाकीचं नाही. अकरा वर्षं मी माणसं नोकरीवर घेण्याचं आणि त्यांचे राजीनामे हाताळण्याचं काम केलं. ऑफर लेटर उघडताना माणसाची नजर आधी कुठल्या ओळीवर जाते हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ती पदाच्या नावावर जात नाही. आणि शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत करायला आलेल्यांशीही बोलले आहे. त्या अनुभवाशी या मजकुराचा मेळ बसत नाही, आणि ज्या अभ्यासांच्या जोरावर तो बोलतो त्यांच्याशीही बसत नाही.

साहेबापासून सुरुवात करते, कारण सगळा डोलारा त्याच वाक्यावर उभा आहे. १९९९ साली गॅलप या सर्वेक्षण संस्थेतल्या मार्कस बकिंगहॅम आणि कर्ट कॉफमन यांनी मॅनेजरांविषयी एक पुस्तक लिहिलं, आणि तिथून हा विचार कंपन्या-कंपन्यांत पोचला. पुढे २०१५ मध्ये गॅलपनेच अमेरिकेतल्या सात हजारांहून जास्त लोकांना विचारून सांगितलं की, त्यांतल्या निम्म्यांनी कारकिर्दीत कधी ना कधी मॅनेजरपासून सुटका करून घेण्यासाठी नोकरी सोडली होती. ‘कधी ना कधी’ हे शब्द पुढे पाठवताना गळून पडतात. ज्याने वीस वर्षांत सहा नोकऱ्या बदलल्या आणि त्यांतली एक साहेबाच्या जाचाने सोडली, तो माणूस या निम्म्यांत मोजला जातो. त्याच्या उरलेल्या पाच राजीनाम्यांबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. ‘निम्म्या माणसांनी एकदा तरी’ याचं ‘बहुतेक राजीनामे’ कसं झालं, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

उलट बाजूचा आकडाही बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने आदल्या वर्षी स्वतःहून नोकरी सोडलेल्या अमेरिकनांना कारणं विचारली. एकाहून जास्त कारणं सांगायला मोकळीक होती. कमी पगार हे कारण ६३ टक्क्यांनी दिलं, पुढे जायला वाव नाही हे ६३ टक्क्यांनी, आणि कामाच्या ठिकाणी मान मिळत नाही हे ५७ टक्क्यांनी. बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, कारण माणूस एका कारणाने उठून जात नसतो. कारणं साठत जातात आणि एक दिवस भांडं भरतं. त्या भांड्यातला पगार तेवढा बाजूला काढायचा आणि साहेब तेवढा ठेवायचा, हा निवाडा कोणत्या पुराव्यावर?

आणि मुळात साहेब आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

मी काम करायचे तिथे एक बाई होत्या. सात वर्षांची नोकरी, कामात चोख. राजीनाम्यानंतरच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या, ‘मॅनेजरशी पटत नाही.’ मी फॉर्मवर तसं लिहिलं. फॉर्म भरून झाला, मी पेन खाली ठेवलं, आणि मग त्या बोलायला लागल्या. वर्षभरापूर्वी एक नवा मुलगा त्यांच्या गटात आला होता. त्याला सगळं काम त्यांनीच शिकवलं. पुढे एकदा प्रिंटरवर विसरून राहिलेल्या कागदावरून त्यांना कळलं की त्याचा पगार आपल्यापेक्षा जास्त आहे. कानामागून आला आणि तिखट झाला. त्या मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर म्हणाला, ‘वर विचारून सांगतो.’ पुढचे चार महिने तो त्यांची नजर चुकवत राहिला. त्याच्या हातात काही नव्हतंच. त्याच्या गटाचं बजेट त्याच्या दोन पायऱ्या वर ठरायचं, आणि बाहेरून येणाऱ्याला बाजारातला दर, आतल्याला ठरलेली टक्केवारी, हा नियमही तिथेच झालेला होता. बाईंना रोज दिसायचा तो मात्र नजर चुकवणारा मॅनेजर. ‘पटत नाही’ हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ते न पटणं आलं कुठून, एवढाच तपशील फॉर्मवर मावला नाही.

वर्षाअखेरच्या अहवालात तो राजीनामा ‘मॅनेजर’ या रकान्यात गेला. मॅनेजरला संवादकौशल्याच्या कार्यशाळेला पाठवलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. रकाना मी भरला होता, हे मला आजही सलतं.

बाईंसारखा अनुभव मोठ्या संख्येने तपासलेला आहे. २००८ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने कॅलिफोर्नियातल्या सरकारी नोकरांचे पगार संकेतस्थळावर शोधता येतील असे ठेवले. डेव्हिड कार्ड, अलेक्झांडर मास, एनरिको मोरेट्टी आणि इमॅन्युएल साएझ या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडले आणि फक्त त्यांना या संकेतस्थळाची माहिती कळवली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या विभागातल्या, आपल्यासारखं काम करणाऱ्यांच्या मानाने ज्यांचा पगार खालच्या अर्ध्यात होता, त्यांचं समाधान घटलं आणि नवी नोकरी शोधण्याची इच्छा वाढली. वरच्या अर्ध्यातल्यांना काही फरक पडला नाही. या लोकांचे साहेब बदलले नव्हते, काम बदललं नव्हतं. त्यांना फक्त एक आकडा कळला होता.

हा झाला इच्छेचा पुरावा. प्रत्यक्ष सोडून जाण्याचाही आहे. अरिंद्रजित दुबे, लॉरा जुलियानो आणि जोनाथन लेनर्ड यांनी एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतली पगारवाढ तपासली (२०१९). तिथे वाढीचा नियम पायऱ्यापायऱ्यांचा होता, त्यामुळे जवळजवळ सारखाच पगार असलेल्या दोघांपैकी एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढ मिळायची, गुणवत्तेचा काही संबंध नसताना. सहकाऱ्याच्या मागे पडलेले लोक कितीतरी अधिक प्रमाणात सोडून गेले. हातात किती आलं याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, शेजारच्याला किती आलं याने ठरलं.

म्हणून मी म्हणते की पगारपत्रक हा मानाचाच कागद आहे. ‘मान मिळत नाही’ म्हणणाऱ्याला साहेबाच्या आवाजाची तक्रार असू शकते, तशीच महिनाअखेरीच्या आकड्याचीही असू शकते, आणि बहुतेकदा त्यालाही ती दोन्ही वेगळी काढून दाखवता येत नाहीत.

आता मानसशास्त्राने ‘सिद्ध’ केलेलं. इथे नाव येतं फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडलं की, कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि असमाधान देणाऱ्या वेगळ्या. यश, कौतुक, जबाबदारी, प्रगती ही पहिली यादी. कंपनीची धोरणं, कामाची परिस्थिती, पगार ही दुसरी. दुसऱ्या यादीला त्यांनी ‘हायजिन’ म्हटलं: असेल तर कोणी खूश होत नाही, नसेल तर त्रास होतो.

फिरणाऱ्या मजकुरात एक गोष्ट सोयीस्करपणे सुटते. त्याच दुसऱ्या यादीत ‘देखरेख’ आणि ‘वरिष्ठांशी संबंध’ हेही आहेत. म्हणजे हर्झबर्ग यांच्या हिशेबात पगार आणि साहेब एकाच पंगतीला बसतात. पगार ‘फक्त हायजिन’ म्हणून बाद करायचा असेल तर साहेबालाही बाद करावं लागेल, आणि मग मूळ वाक्यच उरत नाही. शिवाय हर्झबर्ग म्हणतात ते जसंच्या तसं मान्य केलं तर काय निघतं? पगार कमी पडला की असमाधान होतं. असमाधान झालेलाच माणूस दुसरीकडे अर्ज टाकतो. नोकरी सोडण्याच्या प्रश्नावर हर्झबर्ग या मजकुराच्या विरुद्ध बाजूने साक्ष देतात. भरीस भर म्हणजे त्यांच्या मूळ अभ्यासात पगाराचा उल्लेख चांगल्या आणि वाईट, दोन्ही प्रकारच्या आठवणींत आला होता. आणि त्यांच्या पद्धतीवरचा जुना आक्षेप, १९६४ मध्ये व्हिक्टर व्रूम यांनी घेतलेला, अजून तसाच आहे: चांगलं घडलं त्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतो. मग ‘यश’ एका यादीत आणि ‘धोरणं’ दुसऱ्या यादीत जाणारच.

एक जुना दाखला इथेच देते. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात माणसं टिकत नव्हती. सुमारे चौदा हजारांचा ताफा राखण्यासाठी त्या वर्षात बावन्न हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली, म्हणजे गळती ३७० टक्क्यांची. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोजचा मोबदला साधारण दुप्पट करून पाच डॉलरवर नेला आणि दिवस नऊ तासांवरून आठवर आणला. गळती १९१४ मध्ये ५४ टक्क्यांवर आली, १९१५ मध्ये १६ वर. काम तेच राहिलं, सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहून दिवसभर एकच हालचाल करण्याचं. पूर्ण चित्र सांगायचं तर त्याच सुमारास मुकादमांचे मनमानी अधिकारही कमी केले गेले, १९१४ हे मंदीचंही वर्ष होतं, आणि ते पाच डॉलर मिळायला कामगाराच्या घरगुती वागणुकीवर कंपनीची पाहणी सोसावी लागे. तेव्हा सगळं श्रेय पैशाला देता येणार नाही. पण पैशाला शून्य श्रेय देणारा माणूस या आकड्यांकडे बघत नाही एवढं नक्की.

‘जाणाऱ्यांना विचारा.’ विचारलंय. आयुष्यातली अकरा वर्षं तेच केलंय, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबते.

राजीनामा दिलेला माणूस मुलाखतीला बसतो तेव्हा त्याचा हिशेब पूर्ण व्हायचा असतो, अनुभवाचं पत्र मिळायचं असतं, आणि पुढच्या ठिकाणाहून चौकशीचा फोन याच कार्यालयात येणार असतो. त्याला भांडून जायचं नसतं. पैशासाठी जातोय असं म्हटलं तर समोरचा आपल्याला लोभी समजेल, ही भीती असते. शिवाय पगार म्हटलं की लगेच ‘किती मिळतायत तिकडे?’ हा प्रश्न येतो आणि त्याला तो टाळायचा असतो. मग ‘नवं काही शिकायचंय’, ‘वैयक्तिक कारण’, ‘घरापासून जवळ’ अशी उत्तरं येतात. माझ्या टेबलावर आलेल्या ‘नवं काही शिकायचंय’पैकी किती जणांनी कमी पगारावर ते नवं शिकायला घेतलं, असं कोणी विचारलं तर मला एका हाताची बोटंही पुरून उरतील.

लोक पगाराचं महत्त्व स्वतःपुरतं कमी सांगतात, हे मोजून दाखवणारा एक विलक्षण अभ्यास आहे. क्लिफर्ड जर्गेन्सन यांनी १९४५ ते १९७५ अशी तीस वर्षं मिनिआपोलिसच्या गॅस कंपनीत नोकरी मागायला आलेल्या पन्नास हजारांहून जास्त उमेदवारांना नोकरीतल्या दहा गोष्टी महत्त्वाप्रमाणे लावायला सांगितल्या. स्वतःसाठी लावताना पुरुषांनी पगार पाचवा ठेवला, स्त्रियांनी सातवा. मग त्यांना विचारलं की तुमच्यासारख्याच, तुमच्याच वयाच्या आणि शिक्षणाच्या दुसऱ्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल? दोन्ही गटांत पगार एकदम पहिल्या क्रमांकावर गेला.

‘मला नाही हो तेवढं, पण लोकांना असतं.’ हे ऐकलं नाही असा भरती करणारा माणूस मला अजून भेटायचाय. सारा राइन्स, बॅरी गेरहार्ट आणि कॅथलीन मिनेट यांनी २००४ मध्ये नेमकी हीच तफावत मांडली: पगाराबद्दल लोक बोलतात एक आणि निवड करताना वागतात दुसरं, आणि नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवणारे एचआरचे लोक त्यामुळे फसतात. सर्वेक्षणातला तळाचा क्रमांक पुढे करून पगार गौण ठरवणं म्हणजे माणसाच्या भिडेलाच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणं आहे. मला यातलं हे सगळ्यात जास्त लागतं.

आणि जे गेले नाहीत त्यांचं काय? कमी पगारावर वर्षानुवर्षं थांबलेली माणसं दाखवून ‘बघा, पगार महत्त्वाचा असता तर हे थांबले असते का?’ असं विचारलं जातं. सायमन येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बाहेर किती मिळेल याचा अंदाज बांधताना माणसं आपल्याच सध्याच्या पगाराला धरून बसतात. ज्यांना बाजारापेक्षा कमी मिळतं, त्यांना बाहेरही तेवढंच मिळेल असं वाटतं. खरा आकडा सांगितल्यावर त्यांचा विचार बदलतो: पगारवाढ मागावी, दुसरीकडे बघावं असं वाटू लागतं. म्हणजे थांबलेला प्रत्येक जण समाधानाने थांबलेला नसतो. काहींना आपली किंमत माहीत नसते. काहींच्या डोक्यावर कर्ज असतं, घरी आजारी माणूस असतं, आणि महिनाभराचाही खंड त्यांना परवडत नाही. अशा माणसासाठी पगार हेच थांबण्याचं कारण असतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

इथे समोरच्या बाजूचं खरं तेवढं मान्य करायला हवं. लोक कमी पगाराची नोकरी जाणूनबुजून घेतात, मीही एकदा घेतली. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा पगाराची पातळी आणि कामातलं समाधान यांचा संबंध कमजोरच निघाला. स्कॉट स्टर्न यांनी २००४ मध्ये दाखवलं की हाती एकाहून जास्त ऑफर असलेल्या तरुण जीवशास्त्रज्ञांना, जिथे स्वतःचं संशोधन करून प्रसिद्ध करायची मोकळीक होती, तिथला पगार बराच कमी देऊ केला जायचा, आणि तरी तशा नोकऱ्यांना माणसं मिळायची. अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅलेस यांनी २०१७ मध्ये एका कॉल सेंटरच्या भरतीतच उमेदवारांपुढे वेगवेगळे पर्याय ठेवून मोजलं: आयत्या वेळी कळवलेल्या पाळ्या टाळण्यासाठी सरासरी उमेदवार पगाराचा पाचवा हिस्सा सोडायला तयार होता, घरून काम करता यावं म्हणून सुमारे आठ टक्के.

पण हे सगळे अभ्यास कशात मोजतात ते पाहा. पगारात. मोकळीक, सुट्टी, घराजवळचं ठिकाण, बरा साहेब, या प्रत्येक गोष्टीला उमेदवार मनात एक भाव लावतो आणि तो ऑफरमधल्या आकड्यात मिळवतो किंवा वजा करतो. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की नकोशा कामाला जास्त मोल द्यावं लागतं. फाशी देणाऱ्याचं काम सर्वांत तिरस्करणीय, म्हणून कामाच्या मानाने त्याचा मोबदला सर्वांत जास्त, हे उदाहरण त्यांचंच. साहेब तापट असेल तर तोही या हिशेबात येतो. ज्या जागेवर माणसं टिकत नव्हती तिथे आम्ही दर वाढवायचो, आणि जागा भरायची. काही काळ टिकायचीही.

तेव्हा ‘पगार की साहेब’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. इतर सगळं ज्या काट्यावर तोललं जातं तो काटा म्हणजे पगार. आणि एखाद्याला तो दुय्यम वाटत असेल तर बहुधा त्याचं भागण्यापुरतं आधीच हातात आलेलं असतं. मी कमी पगाराची नोकरी घेतली तेव्हा माझ्या डोक्यावरचं कर्ज फिटलेलं होतं. दोन वर्षं आधी ती ऑफर आली असती तर मी ती वाचलीही नसती.

सुखाचा मुद्दा लवकर आटोपतो. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचा २०१० चा लेख सांगतो की रोजच्या भावनांचं सुख वर्षाला सुमारे ७५,००० डॉलर उत्पन्नानंतर वाढताना दिसलं नाही. त्याच लेखात आहे की एकूण आयुष्य कसं चाललंय याचं लोकांनी केलेलं मूल्यमापन मात्र त्याच्या पुढेही वाढतच गेलं. ते वाक्य कोणी पुढे पाठवत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये तेहतीस हजारांहून जास्त नोकरदारांच्या नोंदींत भावनांचीही अशी मर्यादा आढळली नाही. मग २०२३ मध्ये कानेमन, किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून दोन्ही निष्कर्षांचा मेळ घातला: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, सपाट होतं ते सर्वांत दुःखी पाचव्या हिश्शाचं. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन हा दावा केला जातो त्या कानेमन यांनीच तो दुरुस्त केला. आणि ती मर्यादा खरी असती तरी, तिच्या खूप खाली कमावणाऱ्याला ती ऐकवण्यात काय अर्थ आहे?

‘पैशासाठी येणारा पैशासाठीच जातो.’ हे वाक्य मी मुलाखतीच्या टेबलाच्या आतल्या बाजूने फार ऐकलंय. पगाराबद्दल पहिल्याच फेरीत विचारणाऱ्या उमेदवाराच्या नावापुढे फुली पडलेली पाहिली आहे. हा समज तपासायची उत्तम संधी मेक्सिकोत २०११ मध्ये मिळाली. सरकारी विकास कार्यक्रमासाठी भरती करताना काही ठिकाणी मासिक ३,७५० पेसो आणि काही ठिकाणी ५,००० पेसो पगार जाहीर केला गेला, आणि कुठे किती हे चिठ्ठीने ठरवलं. अर्नेस्तो दाल बो, फ्रेडरिको फिनान आणि मार्तिन रॉसी यांनी निकाल तपासले. जास्त पगाराच्या ठिकाणी अधिक हुशार, बाहेर अधिक कमावू शकणारे उमेदवार आले, आणि लोकसेवेची त्यांची ओढ कमी नव्हती. निवड झाल्यावर नोकरी स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के बिंदूंनी वाढलं. लांबच्या आणि अडचणीच्या भागांतल्या जागा भरायलाही त्या वाढीव पगाराचा उपयोग झाला.

उलटा दाखलाही आहे, तो लपवत नाही. एरिका देसेरान्नो यांना युगांडात गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांसारख्या कामाच्या भरतीत दिसलं की जास्त कमाईची जाहिरात वाचून समाजसेवेची ओढ असलेले काही जण मागे राहिले. तिथे काम नवं होतं, आणि लोकांनी पगाराच्या आकड्यावरूनच ते कसलं काम असेल याचा अंदाज बांधला. म्हणजे पगार कधी काय सुचवतो हे ठिकाणावर आणि कामावर अवलंबून असतं. पण ‘पैसे विचारणारा माणूस कामाचा नाही’ हा सरसकट नियम यातून निघत नाही. जो नियम लावून माणसं नाकारली जातात, त्याला याहून भक्कम आधार हवा.

राहिली काउंटर ऑफर, म्हणजे राजीनामा दिलेल्याला थांबवण्यासाठी देऊ केलेली पगारवाढ. ‘ऐंशी टक्के लोक तरीही जातात’ असा आकडा त्या मजकुरात येतो. किती जणांना विचारलं, कोणी, कधी, यातलं काहीही सोबत नाही. तरी समजा बरेच जण जातात. का जातात ते पाहू. माणसाने आधी पगारवाढ मागितलेली असते. त्याला ‘बजेट नाही’ सांगितलेलं असतं. मग तो महिनोन्‌महिने लपूनछपून मुलाखती देतो, दुसरी ऑफर मिळवतो, राजीनामा ठेवतो, आणि दोन दिवसांत बजेट निघतं. त्याला वाढ मिळते, पण त्याचबरोबर हेही कळतं की पैसे होते, आणि ते काढून घ्यायला राजीनामाच लागतो. पुढच्या वेळी तो मागण्यात वेळ घालवत नाही. यावरून ‘पगाराने माणूस थांबत नाही’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. तो पगार दीड वर्ष उशिरा आला होता.

आणि एक गोष्ट हिशेबात कोणीच धरत नाही. काउंटर ऑफर कितीही गुपचूप दिली तरी ती बाहेर पडते. त्या बाईंच्या राजीनाम्यानंतर पाच महिन्यांनी त्याच गटातल्या एकाला आम्ही वाढ देऊन थांबवलं. तो थांबला. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या दोघी पुढच्या दोन महिन्यांत गेल्या. दोघींनीही फॉर्मवर लिहिलं, ‘वैयक्तिक कारण’. त्या वेळी मी पेन खाली ठेवून विचारलं, आणि दोघींनीही मला त्याचा नवा पगार अगदी बरोबर सांगितला.